तळचं आधी सांगणारा

लातूर नवा जिल्हा झाला, त्या वर्साच्या दुष्काळात मी उदगीरच्या मोंढ्यात धान्य निवडायची. तिथं एक दलाल लोकांचे पैसे वायद्यात, म्हंजे पुढच्या भावाच्या सौद्यात लावायचा. दुसरे दलाल नफा झाल्याला महिनाच तेवढा वरडून सांगायचे. ह्यो टोपी काढून आधी बुडाल्यालं सांगायचा.

"औंदा तुरीत निम्मे गेले, मंडळी. माझंच चुकलं."

लोक उठून दुसऱ्याकडं गेले. मला मात्र पटलं. वरचा दाणा समदेच दाखवतेत, पोतं तळातून बघावं लागतंय.

शेळ्या इकल्याले पैसे म्या त्याच्यापुढं ठिवले. त्यानं अर्धे माघारी सारले.

"मावशी, हे घरी ठिवा. बुडाले तर लेकरं खातील काय?"

"हे इचारणारा मोंढ्यात दुसरा कोन न्हाई, दादा," म्या म्हणलं. "बाकीचे तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."