धानाच्या रोपाला कावीळ

आता हसाल तर हसा, पण धानाच्या रोपाला कावीळ झालेली तुम्ही पाहिली कधी? मी पाहिली. पाहिली काय, मीच केली!

आमच्या कुडवा गावात बिजलीचे खांब उभे राहिले, तेव्हाची गोष्ट. मामाजी, म्हणजे माझे सासरे, अडून बसले. "कायले पाहिजे बिजली? तिनं धानाचं एक रोप तरी वाढते का?"

नागपूरला शिकणारा माझा देवर सुट्टीत घरी होता. "वाढते, बाबा! दाखवतो."

"दाखव. वाढलं तर लाव घरात बल्ब."

बल्ब! मी तर कधीची आशेला लागलेली. धुरात, अंधारात भाजी शिजली की करपली, ते मी वासावरून ओळखायची.

देवरानं दोन गाडग्यांत धान पेरलं. एका गाडग्याच्या दोन्ही बाजूंना पत्रे उभे केले, पत्र्यांना वायर, वायरीला बॅटरी. रोपाला काही शिवायचं नाही, मधल्या हवेतूनच म्हणे ताकद लागते!

"वहिनी, याले हात नका लावू."

"मी कायले लावू, भाऊजी?"

नाहीच लावला! फक्त वरून टोपलं झाकलं. श्रावणात आम्ही भुजल्या करतो ना? गहू पेरून अंधारात झाकून ठेवायचा. कसा सरसर वाढतो! आणि जितका पिवळा, तितकी घराला बरकत. म्हटलं, बिजलीला आपला थोडा हातभार. देवर बाहेर गेला की झाकायची, यायच्या आत काढायची.

रोप दुसऱ्याच्या दुप्पट! देवर अंगणभर नाचला. मीही मनातल्या मनात बल्ब लावून मोकळी.

मामाजी वाकले. रोप हळदीसारखं पिवळं, मान टाकून पडलेलं.

"अरे, याले तं कावीळ झाली!"

"पण बाबा, उंची पाहा ना…"

"उंची राहू दे. तूबी त्या बिजलीपाशीच राहते, तुझे डोळे दाखव आधी!"

भर अंगणात पोराच्या पापण्या ओढून पाहिल्या. आळी गोळा झाली. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर मामाजी म्हणतात, "पाहा, सूनबाईबी घाबरून राहिली!" आणि देवराला कडू काढा पाजायचं काम माझ्याकडेच आलं.

पुढे घरोघरी बल्ब लागले. आमच्याकडे नाही. शेजारच्या बल्बचा उजेड कुडाच्या फटीतून नेमका माझ्या चुलीवर पडे. तेवढ्या उजेडात मी सुखानं रांधायची.

एक दिवस मामाजींना ती फट दिसली. "घरात बिजली शिरून राहिली! आत्ताच्या आत्ता लिंपा!"

लिंपली कोणी? शेणमाती कालवून, स्वतःच्या हातानं?

मीच की हो!