हरळीचं रान आणि अक्कांची गाठ
"रिपोर्ट कॅन्सरचाच आहे," बारामतीचे सर्जन म्हणाले, तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. मी पिशवीतून कागद काढून विचारायचे प्रश्न लिहायला घेतले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. काटेवाडीत आमचा दोघींचा वांगी-टोमॅटोचा मळा होता. अक्कांच्या स्तनात सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी पावसाळाभर कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला अशी गाठ लागली तर दुखायची वाट बघू नका.

बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी, झाली होती. आता मॅस्टेक्टोमी, म्हणजे स्तन काढायची शस्त्रक्रिया, करायची होती. अक्का उठल्याच.

"मी कापून घेनार न्हाय. वडगावची माझी मावसबहीण कापून आली अन् वर्षात गेली. हरळीवर कुदळ मारली की तुकड्या-तुकड्याला फुटवा येतो, डॉक्टर."

मला ते पटलं. आमच्या रानात ते गवत तसंच पसरलं होतं.

डॉक्टर चिडले नाहीत. "सुरीमुळं पसरत नाही, मावशी. शरीरात ग्रोथ फॅक्टर असतात, पेशींना वाढायचा निरोप देणारे पदार्थ. पेशीवर तो निरोप घेणारी जागा असते, रिसेप्टर. कॅन्सरमध्ये हा निरोप थांबतच नाही. मग पेशी नुसती वाढत नाही. शेजारणीला सोडते, मधला पडदा विरघळवते आणि रक्तातून दुसरीकडं जाऊन रुजते. तुमच्या बहिणीचं आधीच पसरलं असणार."

"म्हंजी बांध फोडती?"

"हो. तुमचा अजून फुटलेला दिसत नाही. हरळी फुटते म्हणून तुम्ही रान तसंच सोडता का?"

अक्का डॉक्टरांकडं वळल्या. "न्हाय. खोल नांगरायचं. मुळाच्या काशा वेचायच्या. अन् पानी तोडायचं."

"मीही तेच करणार. गाठ काढायची, काखेतल्या गाठी वेचायच्या, मग टॅमॉक्सिफेनची गोळी. तुमच्या गाठीला इस्ट्रोजेन या हार्मोनचाही निरोप लागतो. गोळी तो अडवते."

"एखादी काशी ऱ्हायली तर?"

"तर पुन्हा उगवेल. खोटं कशाला सांगू? म्हणून तपासायला येत राहायचं."

अक्का खाली बसल्या. "सुमन, तारीख लिहून घे. टोमॅटोचा तोडा झाल्यावरची."

"तोड्याआधीची," डॉक्टर म्हणाले.

वॉर्डातल्या त्या सकाळी मला अजून आठवतात. थर्मासमधला चहा, औषधाचा वास, आणि रस्त्यानं कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या बैलगाड्या. घुंगरं वाजली की अक्का डोळे न उघडता म्हणायच्या, "ह्यो बैल दमलाय बघ." मी औषधांच्या वेळांवर खुणा करत असायचे. आता तो आवाज कमी झाला, आणि अक्काही नाहीत. पण त्या ऑपरेशननंतर पुष्कळ वर्षं मळ्यात राबल्या. त्या वर्षांसाठी मी त्या डॉक्टरांची ऋणी आहे.

टाके सुकल्यावर अक्कांना इंदापूरला माहेरी नेलं. चुलीपाशी बायका लागण होईल या भीतीनं जरा लांबच बसल्या. अक्कांनी पदर बाजूला करून व्रण दाखवला.

"बघा. कापलं. अन् हितं बसून तुमच्या हातची भाकरी खातीया. कुनाला हाताला गाठ लागत आसंल तर आत्ताच बोला."

मग त्यांची भावजय पदर सावरत माझ्याजवळ सरकली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "त्यो दवाखाना सोमवारी उघडा असतो का?"