विचारायचं नाही, वाढायचं

सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या एका हॉटेलात अकोसुआ बोआतेंग जनरल मॅनेजर म्हणून आली, तेव्हा आधी चर्चा झाली ती तिच्या हसण्याची. बाई लॉबीत हसल्या की लिफ्टमधल्या माणसाला ऐकू जायचं. घानातल्या कुमासी शहरात तिच्या आईची खानावळ होती. तिथं गिऱ्हाइकांना वाढता वाढता ती मोठी झाली, राजधानी अक्रात हॉटेलचं शिक्षण घेतलं, दुबईत खोल्या आवरण्यापासून रिसेप्शनपर्यंत मजल मारली, आणि आता इथं अख्खं हॉटेल सांभाळत होती. अशी बाई हळू कशाला हसेल?

आज मात्र ती हसत नव्हती. निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या. एका शिपिंग कंपनीच्या खलाशांचं वर्षभराचं बुकिंग आणलं तर ती राहील, नाहीतर नवा मॅनेजर येईल, असं मालकांनी तोंडावर सांगितलं होतं. ते बुकिंग ज्यांच्या हातात होतं, ते चारुदत्त साहेब दुपारी खोल्या बघायला आले. मूळचे रत्नागिरीचे, उमेदीची सगळी वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेली. बंदरावरून थेट आल्यामुळे शर्ट घामानं अंगाला चिकटला होता.

रिसेप्शनवरच्या मुलीनं पाणी विचारलं. "नको, थँक यू." कॉफी? "नको, नको." लंच? "कशाला उगाच त्रास?" मुलीनं गोड हसून विषय संपवला. तिच्या लेखी नको म्हणजे नकोच. साहेबांनी खोल्या पाहिल्या, गाद्या दाबल्या आणि कोरड्या आवाजात "कळवतो" म्हणून लॉबीत टॅक्सीची वाट बघत बसले. अकोसुआचा चेहरा पडला.

सेल्समधली अनुजा पुण्याची. ती लगबगीनं तिच्याजवळ आली. "मॅडम, साहेब उपाशी आहेत. आमच्यात पहिल्यांदा नकोच म्हणतात. यजमानानं आग्रह करायचा असतो."

अकोसुआ जागच्या जागी थांबली. पाहुण्याला पाणी हवं का, असं तिनं खानावळीत विचारलं असतं, तर आईनं पळी घेऊन तिच्यामागे धाव घेतली असती. पाणी समोर ठेवायचं, पाहुणा प्यायला की मग येण्याचं कारण विचारायचं, ही तिच्या घरची रीत. मोठ्या हॉटेलांत शिकता शिकता ती रीत कधी सुटली, तिलाच कळलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला आणि त्याहून जास्त हुरूप चढला.

साहेब मासे खातात एवढं अनुजाकडून कळताच ती तडक किचनमध्ये शिरली. बाहेर आली ती पाण्याचा जग, टोमॅटोचा तिखट भात आणि तळलेली मासळी घेऊन. काहीही न विचारता तिनं सगळं साहेबांपुढे मांडलं.

"अहो, खरंच नको..." म्हणत साहेबांनी ग्लास रिकामा केला. मग दुसरा. मग भाताला हात घातला.

ताट संपत आल्यावर अकोसुआनं विचारलं, "आता सांगा, कशासाठी आलात?"

साहेबांनी शेवटचा घास संपवला. "आमची पोरं महिनोन्‌महिने समुद्रावर काढून उतरतात. बुजलेली असतात. हॉटेलवाले विचारतात, ती नको म्हणतात, आणि तशीच झोपतात. मीही तसाच झोपलोय."

"इथं त्यांना कोणी विचारणार नाही," अकोसुआ म्हणाली. "खोलीत शिरतील तेव्हा जेवण समोर असेल."

साहेबांनी रुमालानं हात पुसले, फोन काढला आणि ऑफिसला सांगितलं, "संध्याकाळी उतरणारी पोरं पाया लेबारला पाठवा. वर्षभर इथंच."