कवठाची चटणी
कवठाचा आंबूस-गोड वास आला की मला वडनेरच्या घरातली ती दुपार आठवते. मी तेव्हा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. शिळ्या अन्नातले जंतू काचेच्या ताटलीत वाढवून त्यावर मी आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या कवठाच्या अर्काचा थेंब सोडला होता. ताटलीभर जंतूंची साय धरली, पण थेंबाभोवती स्वच्छ गोल उरला. शिळ्या भातासोबत कवठाची चटणी असली की बाधत नाही, असं आई म्हणायची आणि आम्ही हसायचो. ती पाट्यावर मिरची वाटत बसली होती. मी मोबाइलमधला फोटो तिच्यापुढे धरला. “आई, तुहं खरं निघालं!” तिचा हात थांबला. “म्हंजे चटणीनं खरंच जंतू मरतेत?” “हो ना!” ती त्या गोलाकडे बघत राहिली. बाबा शिळ्या भाताचा डबा घेऊन समुद्रपूरच्या बाजारात भाजी विकायला गेले, तिथंच त्यांना उलट्या-हगवण लागली आणि ते परत आलेच नाहीत, त्याला बरीच वर्षं झाली होती. “त्या दिवशी मी त्यायले चटणी देल्लीच नाई वं,” ती म्हणाली, “कवठ फोडाचा कंटाळा केलता.” ताटलीतलं वेगळं, पोटातलं वेगळं, हे मी तिला परोपरीनं सांगितलं, तिला ते पटलं नाही. आता मी नोकरीला जाते. कवठाच्या दिवसांत भात ताजा असला तरी माझ्या डब्यात चटणी असतेच. संध्याकाळी आई तो डबा उघडून बघते, आणि चटणी उरलेली दिसली की त्या रात्री जेवत नाही.