भिंतीपलीकडचा कान

शॉवर चालू होता आणि मी फरशीवर पडले होते. आधी पाय गेले, मग हात. दाराची कडी समोर दिसत होती, पण बोट उचलेना. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "यशोदे, बंद कर ते पानी! माजी भिंत पुन्ना वली करतीस व्हय?" मी मरत होते आणि एस्तेर माझ्यावर ओरडत होती.

एस्तेर माझी शेजारीण. संगमनेरला आमची घरं जोडून, मध्ये एकच भिंत. माझ्या बाजूला बाथरूम, तिच्या बाजूला झोपायची खोली. गेल्या महिन्यात ती वारली. चर्चमध्ये सगळे म्हणाले, फार प्रेमळ होती. प्रेमळ वगैरे काही नव्हती, संशयी होती. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघायची. मी वाटीभर साखर मागितली तर विचारायची, "पाव्हनं खरंच आलेत का?" मीही कमी नव्हते. तिच्या पलंगामागे ओल आली तेव्हा मी म्हटलं, तुझीच टाकी गळत असेल. ती म्हणाली, "माजी टाकी शॉवर घेत न्हाई."

शेवटी माझ्या मुलानं प्लंबर आणला. त्यानं सांध्यांतलं जुनं सिमेंट खरवडलं, भिंत वाळू दिली, मग शॉवरच्या पाइपाभोवती, नळांभोवती, खाली कोपऱ्याकोपऱ्यात सिलिकॉन भरलं. एस्तेर मागे उभी राहून बोट दाखवायची, "हितं राह्यलं. हितं बी." खिडकीच्या जाळीतून पाणी उडतं आणि बाहेरून तिच्या भिंतीवर ओघळतं, असंही तिचं म्हणणं. मग तिथं काच बसवून तिच्याही कडा भरून टाकल्या. पाण्याला जायला फट राहिली नाही. आत गॅसचा गिझर आहे, त्याला हवा लागते, नाहीतर विषारी वायू कोंडतो, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एवढं करूनही तिचा विश्वास बसला नाही. मी अंघोळीला गेले की ती भिंतीला कान लावून बसायची आणि ओरडायची. मी आतून दुप्पट ओरडायचे. त्या सकाळी मी उलट बोलले नाही... तिथंच तिला शंका आली. माझी सून स्वयंपाकघरात मिक्सर चालवत होती. एस्तेर वरवंटा घेऊन घरात शिरली तेव्हा सुनेला वाटलं, आज हातघाई होणार. एस्तेरनं बाथरूमचं दार फोडलं, मला पायाला धरून बाहेर ओढलं आणि मग तोच वरवंटा खिडकीच्या काचेवर घातला.

दवाखान्यातून आल्यावर मी तिला म्हटलं, "फटी तूच बुजवायला लावल्यास. मला मारायचा बेत होता तुझा."

"आन् दार कुनी फोडलं? तुज्या सासऱ्यानं? त्यो गिझर भाईर लाव आदी."

गिझर बाहेर लावला.

आता लोक मला सांगतात, तिचा तुमच्यावर जीव होता... मला खात्री नाही. कान तिनं पाण्यासाठी लावला होता, माझ्यासाठी नाही. पण माझं गप्प होणं माझ्या घरात कुणाला कळलं नाही, ते तिला कळलं. ती चार दिवसांच्या तापानं गेली. तिनं बाहेर ओढून काढलेली मी अजून जिवंत आहे.