काकांचं काहीनाही

माझी आत्या ऑफिसात सगळ्यांचीच आत्या आहे. खरं नातं फक्त माझं, पण तिच्या जिभेचा पट्टा एकदा ज्याच्यावरून फिरला तो आपोआप तिचा भाचा होतो. शीतगृहांची यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम आम्ही लिहितो, तेही कंपनीच्याच एका जुन्या भाषेत. त्या भाषेचा नियम बदलायचा म्हटलं की आत्याचा होकार लागतो.

यंदा बदल आला तो अगदी एवढासा. यंत्र चालता चालता काही बिघडलं, समजा तापमापकाची तार सुटली, तर प्रोग्रॅमने ती चूक पकडायची, तिला एखादं नाव द्यायचं आणि खालच्या चौकटीत पुढे काय करायचं ते लिहायचं. नाव सक्तीचं. चौकट मात्र रिकामी ठेवली तरी चालतं, आणि आळशी माणसं ठेवतातच. आमच्या टीमच्या प्रमुखाला आम्ही वकील म्हणतो. त्याचं म्हणणं, चौकट रिकामीच ठेवायची तर नावाची सक्ती कशाला? काढून टाका. जुन्या फाइलींतली असली नावंही एका झटक्यात पुसून टाकू.

आत्या नाही म्हणाली. का, ते मला ठाऊक होतं.

काका, म्हणजे आत्याचे यजमान, तिच्याच शेजारच्या खुर्चीवर बसायचे. पकडलेल्या प्रत्येक चुकीला ते एकच नाव द्यायचे, काहीनाही. खाली चौकट रिकामी. माणूसही तसाच, झाकली मूठ सव्वा लाखाची. ताप असो, भांडण असो, काय झालं विचारलं की "काही नाही." गेल्या वर्षी आठवडाभर छाती चोळत होते. आत्याने विचारलं तर म्हणाले, "काही नाही, गॅस झालाय." एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले ते उठलेच नाहीत.

तेव्हापासून आत्याला त्यांच्या फाइली उघडायची भीती वाटते. "उघडली की बोलतात गं," ती जेवताना मला म्हणाली. "फाइलीत वर जावं तर काहीनाही, खाली यावं तर काहीनाही. घरी नळ सोडला तरी तेच ऐकू येतं."

मला हसू आलं नाही. त्यांची फाइल वाचताना मीही एकदा दचकून मागे वळून बघितलं होतं.

"मग जाऊ दे ना पुसून. सुटशील."

"आणि मग ते बोलतील कुठून?"

बैठकीत मात्र तिने वेगळंच कारण दिलं. "नाव द्यावं लागतं म्हणून हात जरा थांबतो. आपण काय झाकतोय ते कळतं."

वकील मनाने चांगला, पण तोंडाला लगाम नाही. "आत्या, काकांनी शेकडो वेळा नाव लिहिलं. त्यांचा हात कधी थांबला?"

सगळे टेबलाकडे बघायला लागले. मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याचाही चेहरा उतरला. "सॉरी, आत्या. काय झालं? बरं वाटतंय ना?"

"काही..." म्हणता म्हणता ती थांबली. दोन्ही हात तिने टेबलावर ठेवले. "दुखतंय रे. मी विचारलं, ते काही नाही म्हणाले, आणि मला हायसं वाटलं. म्हणून पुन्हा विचारलंच नाही. तुझं बरोबर आहे, नुसतं नाव देऊन काही होत नाही."

मग तिने आपलं मत सांगितलं. नावाची सक्ती हवी तर काढा, पण रिकामी चौकट भाषेने यापुढे चालवून घ्यायची नाही. चूक पकडलीत तर काहीतरी करा. करायचं नसेल तर पकडू नका, ओरडू द्या तिला. वकिलाने मान डोलावली.

काकांच्या फाइली तिने कुणाला पुसू दिल्या नाहीत. रोज एकेक उघडून चौकटी भरते, इथे घंटा वाजव, इथे चौकीदाराला फोन कर. मी शेजारी काकांच्या खुर्चीवर बसते. परवा एका चौकटीपाशी ती बराच वेळ अडली. मग लिहिलं की तापमापकाने उत्तर दिलं नाही तर त्याला परत विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं. वरचं काकांनी दिलेलं काहीनाही तेवढं तसंच राहू दिलं.

डोळे पुसून तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "सकाळपासून डोकं धरून बसलीयेस. काय होतंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

तिने परत विचारलं.