संकष्टीला तोडलेली फुले

जास्वंदीचा संकर करायचा तर आधी फुलाचा मोह सोडावा लागतो. नवखा माणूस नेमके उलटे करतो. रोपवाटिकेत ताटलीएवढे केशरी फूल पाहतो, शेजारी तसेच जांभळे पाहतो आणि एकाचे पराग दुसऱ्याला लावून मोकळा होतो. मीही काही वर्षे हेच केले. रोपे उगवली, वाढली आणि एप्रिल लागताच जळगावच्या उन्हात एकेक करून वाळली. ती देखणी झाडे दुसऱ्याच्या मुळांवर कलम होऊन जगणारी होती. त्यांची स्वतःची मुळे अशक्त होती आणि लेकरांनी तीच घेतली.

हे सगळे शांतपणे लिहायचे ठरवून बसलो आहे. जमेल असे वाटत नाही.

आता मी आधी मे महिन्यातली पाने पाहतो. दुपारच्या उन्हात ज्या झाडाचे पान ताठ उभे राहते ते पहिल्या चाळणीतून उतरले. मग ते झाड बोंड धरते का, हे पाहतो. जास्वंद ही कपाशीच्या घराण्यातली, म्हणून तिच्या फळालाही आम्ही बोंडच म्हणतो. गावोगावी दिसणारी भरगच्च लाल जास्वंद बहुधा बोंड धरतच नाही. ज्या झाडावर बी पोसायचे त्या आईला ते दोन-अडीच महिने अंगावर वागवायचे असते. परागाच्या झाडाचे काम एका सकाळीत संपते. म्हणून आई निवडताना कठोर व्हावे आणि बाप निवडताना थोडे हौशी झाले तरी चालते, असा माझा नियम आहे.

माझी आई-जास्वंद यावलजवळच्या खेड्यातून आली. बहिणीच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी ती वाढत होती. फिकट गुलाबी, पाच पाकळ्यांची, कोणी वळून पाहणार नाही अशी. साबणाचे पाणी पिऊन तिने कित्येक उन्हाळे काढले होते. तिची फांदी आणून मी जळगावला, पिंप्राळ्यातल्या घरासमोर, फाटकाच्या आत लावली. वर्षभरात ती माझ्या उंचीची झाली.

बाप धुळ्याचा. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी नोकरीला लागलो तेव्हा प्रयोगशाळेत माझे वरिष्ठ होते त्यांना सगळे आबा म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी आपला डबा माझ्यासमोर सरकवला आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचा अर्धा भाग तोडून दिला. मी बौद्ध आहे हे त्यांना ठाऊक होते. भाकरी देताना ते ठाऊक असल्याची कोणतीही खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. निवृत्तीनंतर आबांनी धुळ्याच्या गच्चीवर बियांपासून एक जास्वंद वाढवली. विटेसारखा रंग, कडेला पिवळी झालर, मध्यभागी गडद वांगी डोळा. तसे झाड दुसरीकडे कुठेच नव्हते. गेल्या पावसाळ्यात तिच्या मुळांना कूज लागली. आबांनी दोनदा कलमे बांधली, दोन्ही काळी पडली. शेवटी मला फोन करून ते म्हणाले की झाड आता वाचत नाही, पण चार कळ्या आहेत, काही करता येत असेल तर कर. आबा कधी काही मागत नाहीत. त्या वाक्यामागचे मागणे मला नीट ऐकू आले.

मार्गशीर्षातली थंडी होती. संकराला हाच काळ चांगला, कारण ऊन चढले की पराग मरतात. मी बसने धुळ्याला गेलो, आबांच्या गच्चीवरची उमललेली फुले देठाला ओला कापूस लावून डब्यात ठेवली आणि पारोळ्याच्या वाटेने परत आलो. रात्रभर डबा फ्रिजमध्ये राहिला. सकाळी माझ्या झाडावर चार फुले उमलली होती. मधल्या दांड्याच्या टोकाला पाच मखमली ठिपके असतात, त्यांवर मी धुळ्याची पिवळी पूड टेकवली. कोणती फुले झाली हे कळावे म्हणून बायकोच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा प्रत्येकाच्या देठाला बांधला आणि कामावर गेलो.

संध्याकाळी परतलो तर झाडावर एकही फूल नव्हते.

शेजारचे नाना रोज पहाटे माझ्या फाटकातून हात घालून देवासाठी फुले नेतात. कॉलनीत येऊन राहिलो तेव्हापासून हे चालले आहे आणि मी ते हसतमुखाने चालू दिले आहे. पहाटेचा धोका मला माहीत होता. म्हणून तर ते येऊन गेल्यावर मी पराग लावले. परंतु त्या दिवशी संकष्टी होती, चंद्रोदयाच्या पूजेला ताजी जास्वंद लागते, हे माझ्या ध्यानात आले नाही. आमच्या घरात ती तिथी पाहिली जात नाही.

मी नानांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि नेहमीप्रमाणे ती ओट्यावरच ठेवली. उंबऱ्याच्या आत, दिसेल असे पूजेचे ताट तयार होते. दूर्वांच्या जुडीशेजारी चार गुलाबी फुले. देठांना माझे लाल दोरे तसेच होते.

मी बसलो नाही. हळू आवाजात, जणू प्रयोगाचा अहवाल सांगावा तसे, मी सगळे सांगितले. धुळ्याचे झाड मरते आहे, त्याचे पराग या फुलांना लावले होते, देठासकट फूल तोडले की बी धरणारा भागच जातो. नानांची सून आतून बाहेर आली. तिचा चेहरा उतरला. दोरा बांधलेली होती म्हणून तीच घेतली, असे ती म्हणाली. तिला वाटले, कुणीतरी नवसाची म्हणून राखून ठेवली आहेत.

नाना मात्र हसले. "म्हणजे फुलांची लग्नं लावता का तुम्ही? मग आम्ही काय वाईट केलं? वरात थेट देवाच्या दारी आणली."

मी हसलो नाही हे पाहून ते समजुतीच्या सुरात, घरच्या बोलीत म्हणाले, "फूल देवनं शे, भाऊ. तुमना घर ते कोनले लागस?"

तुमच्या घरी ते कोणाला लागते. माझ्या घरी बुद्धांच्या मूर्तीसमोर बायको रोज त्याच झाडाचे फूल ठेवते. नाना उरलेली नेतात, असे तिला वाटते. खरे तर नाना पहाटे नेतात आणि उरलेले ती ठेवते.

"लागतात, नाना. आमच्याकडेही लागतात," मी म्हणालो. इतक्या हळू म्हणालो की ते नानांपर्यंत पोहोचले की नाही, शंका आहे. सुनेपर्यंत पोहोचले. तिने ताट उचलून माझ्यापुढे धरले आणि विचारले, "काका, परत नेता का?" तोडलेल्या फुलाचा मला काही उपयोग नव्हता. नको म्हणालो आणि निघालो.

घरी बायको लसूण सोलत होती. मी सांगितलेले तिने शेवटपर्यंत ऐकले.

"फुलांसाठी तरी तुमचा आवाज चढेल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "तेवढ्यालाही नाही चढला? त्यांच्या दारात माझ्या हातावर प्रसाद वरून टाकला, तेव्हा मी येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, जुनी माणसं आहेत, सोड."

मी तसेच म्हणालो होतो. मी अंगणात जाऊन झाडाजवळ उभा राहिलो. तुटलेल्या देठांवर चिकट पाणी आले होते. मला असा राग आला की माझे मलाच ओळखू येईना. नानांचा आला, त्यांच्या हसण्याचा आला, ओट्यावरच्या त्या खुर्चीचा आला. माझ्या मातीत, माझ्या पाण्यावर वाढलेले फूल त्यांच्या देवाच्या डोक्यावर चालते. त्याला शिवाशिव लागत नाही. तेच पाणी पेल्यात घालून पुढे केले तर नानांना तहान नसते. त्या झाडाच्या निवडीत मी कूळ पाहिले नव्हते, शुद्धता पाहिली नव्हती. किंबहुना या छंदाने मला काही शिकवले असेल तर हेच, की आपल्याआपल्यातच लावत गेले की फूल मोठे होते आणि मूळ मरते. आणि पलीकडच्या घरात लग्नाची स्थळे येतात तेव्हा कागदावर पहिली ओळ कशाची असते, ते मला न वाचता माहीत आहे.

मग मी स्वतःलाही तपासले. तशी सवय आहे मला. हा राग आबांच्या झाडासाठी आहे की खुर्चीसाठी? झाडाचे निमित्त सभ्य आहे. झाडासाठी चिडलेल्या माणसाला लोक हौशी म्हणतात, आणखी काही म्हणत नाहीत. बायकोच्या तळहातासाठी चिडायला जे बळ लागले असते ते माझ्याकडे नव्हते, म्हणून मी फुलांची वाट पाहत बसलो होतो. हे कळल्याने राग कमी झाला नाही. वाढला.

आबांना फोनवर सगळे सांगितले. ते म्हणाले की फांदीच्या टोकाला आणखी एक कळी आहे, झाडाने ती टिकवली तर बघ.

झाडाने ती टिकवली. पौषात मी पुन्हा धुळ्याला गेलो. फूल पहिल्यांपेक्षा लहान होते, झालर जवळजवळ नव्हती, पराग मात्र भरपूर होते. परत आल्यावर बाजारातून एक कुलूप आणले आणि झोपण्यापूर्वी फाटकाला लावले. आमच्या गल्लीत फाटकाला कुलूप कुणीच लावत नाही.

पहाटे कडी वाजली. मी दात घासून, पराग लावण्यासाठी निवडलेल्या दोन फुलांना लाल दोरा बांधून बाहेरच उभा होतो. नाना कुलूप हातात धरून पाहत होते.

"भाऊ, हे काय? चोर सुटले का कॉलनीत?"

"नाना, कुलूप काढतो," मी म्हणालो. "आत या. घरात बसा, चहा घ्या. मग ही दोन फुलं सोडून हवी तेवढी न्या."

या वेळी माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचला. मी तशी काळजी घेतली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत भांड्यांचा आवाज थांबला.

"आज उपास शे," नाना म्हणाले.

"उपासाला चहा चालतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी किल्ली हातात धरून उभा होतो आणि मनात, खरे सांगतो, त्यांनी आत यावे असे मला वाटत होते. ते आत आले असते तर मी ती दोन फुलेही कदाचित दिली असती. नाना म्हणाले की पूजा खोळंबली आहे, आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी उपवास नव्हता. ते आले नाहीत. गल्लीत बोलणे झाले की मी देवाच्या फुलांना कुलूप घातले, माणूस वाटला होता तसा निघाला नाही. हे मला ज्यांनी येऊन सांगितले त्यांनाही मी आत बोलावले. काही आले, काहींना घाई होती.

त्या सकाळी पराग लावलेल्या दोन फुलांपैकी एकाचा देठ पिवळा पडून गळला. दुसऱ्याने बोंड धरले. पाकळ्या झडून गेल्यावर हिरवा ठिपका राहिला, तो वाटाण्याएवढा झाला, मग सुपारीएवढा. आबांचे झाड त्या सुमारास वाळून गेले. त्यांनी ते उपटून टाकल्याचे मला कळवले, तेही हवेबद्दल बोलता बोलता. होळीच्या आसपास बोंड तपकिरी झाले, तेव्हा न उकलताच कापून मी ते धुळ्याला नेले.

आबांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरले आणि बोंड अंगठ्याने दाबून फोडले. काही बिया पोकळ निघाल्या, त्या फुंकरीने उडाल्या. भरीव होत्या त्या आबांनी बोटाने एका बाजूला सारल्या. त्यांचा हात तेवढ्या कामालाही थांबत थांबत चालत होता. विटेच्या रंगाचे जे काही जगात उरले होते ते एवढेच होते.

"नाना आले का पुन्हा?" त्यांनी विचारले. फाटकाची गोष्ट मी त्यांना फोनवर सांगितली होती.

"नाही."

"कुलूप?"

"आहे."

"राहू दे," आबा म्हणाले. "नरडाण्याला तू फार गोड होतास, कुणी काहीही म्हटलं तरी. मला कधी कधी भीती वाटायची तुझी."

त्यांनी निम्म्या बिया माझ्यासाठी पुडीत बांधल्या आणि निम्म्या कुंडीसाठी ठेवल्या. संकरात आईचे नाव आधी लिहितात. आमच्या दोन्ही झाडांना नावे नव्हती, म्हणून त्यांनी प्लास्टिकच्या पट्टीवर आधी 'यावल' लिहिले आणि मग 'धुळे'. जास्वंदीच्या बीची साल कठीण असते, ती थोडी खरवडल्याशिवाय आत पाणी जात नाही. कुंडीतल्या बियांसाठी मी ब्लेड घेतले. राग गेलेला नव्हता, तो जावा असेही मला वाटत नव्हते. परंतु बी लहान असते आणि ब्लेड जरा खोल गेले तर कोंबच कापला जातो, म्हणून खिडकीशी उजेडात बसलो आणि एकेक बी सावकाश खरवडू लागलो.